जमीन, वनस्पती आणि बदलता पाऊस

परिसर अभ्यास शिकविताना एक तत्त्व विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे अगत्याचे आहे. पडलेल्या पावसापैकी गावाच्या वाट्यास किती पाणी यावयाचे, हे पुष्कळ अंशी जमिनीवरील वनस्पतींवर अवलंबून असते. गवत व पालापाचोळा यांमुळे थेंबांचा आघात मंदावतो आणि मुळांनी सच्छिद्र केलेल्या मातीत पाणी सावकाश मुरते. उघड्या जमिनीवर मात्र मातीचे सुटलेले कण छिद्रे बुजवितात व पाणी मातीसह ओढ्यास मिळते. मग विहिरी लवकर आटतात आणि सुपीक थरही नाहीसा होतो.

हवामानातील बदलामुळे या तत्त्वास अधिकच महत्त्व आले आहे. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्पधारणशक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा जोराने कोसळण्याचा संभव वाढतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण मोसमी पाऊस मात्र घटला. असा पाऊस उघड्या जमिनीस पेलवत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या पर्जन्यछायेतील गावाचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर तेथील अनेक कुटुंबांनी पोटासाठी गाव सोडले होते. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली, डोंगरउतारावर समपातळी चर खोदले आणि उसासारखी पिके वर्ज्य केली. पावसाच्या नोंदींवरून पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची प्रथाही पडली. पावसावर त्यांची सत्ता नव्हती. त्यांनी आपल्या वागणुकीस शिस्त लावली. कालांतराने विहिरींना पाणी आले व गेलेली कुटुंबे परतली.

हे तत्त्व शाळेत सहज दाखविता येईल. दोन सारख्या पसरट डब्यांपैकी एकात गवतासह उचललेला मातीचा थर व दुसऱ्यात उघडी माती भरावी. दोन्ही सारख्या उतारावर ठेवून, झारीने सारखेच पाणी घालावे. खाली जमणाऱ्या पाण्याचे माप व रंग विद्यार्थ्यांनी वहीत टिपावेत. नंतर त्यांना गावच्या माळावर नेऊन, तेथील जमीन कोणत्या डब्यासारखी आहे, हे त्यांनाच ठरवू द्यावे.