पाव गोळीचा हिशेब

एचआयव्हीबाधित मुलाला औषधाचा किती डोस द्यावा, या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षे प्रौढांच्या गोळीचे तुकडे करून दिले गेले. कारण गरीब देशांत मुलांसाठी वेगळी गोळी मिळत नव्हती आणि जी पातळ औषधे मिळत, ती महाग, कडू आणि सांभाळायला अवघड होती. लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर या जोडऔषधाच्या द्रावणात तर ४२ टक्के अल्कोहोल असे, त्याच्या चवीमुळे मुले ते थुंकून टाकीत आणि उष्ण प्रदेशात, फ्रीज नसलेल्या घरात त्याची बाटली ठेवायची कोठे, हा प्रश्नच असे. अशा स्थितीत सुरीने चार भाग केलेली गोळी हाच जमण्याजोगा उपाय होता, आणि तो करणाऱ्या डॉक्टरांना किंवा पालकांना दोष देता येणार नाही. परंतु त्या पाव गोळीतून मुलाच्या रक्तात प्रत्यक्षात किती औषध उतरते, हे मोजण्याचे काम उशिरा सुरू झाले, आणि ते काम समजून घेतल्यावाचून मुलांवरील उपचारांचे यशापयश नीट उमगत नाही.

एचआयव्हीविरोधी औषधे शरीरातील विषाणू समूळ नाहीसा करीत नाहीत, तर त्याची वाढ रोखून धरतात. म्हणून रक्तातील औषधाची पातळी दिवसाच्या कोणत्याही प्रहरी ठरावीक मर्यादेखाली जाऊन चालत नाही. डोस घेतल्यावर काही तासांत ही पातळी चढते, मग उतरत जाते आणि पुढच्या डोसच्या अगदी आधी सर्वांत खाली येते. या शेवटच्या पातळीला तळपातळी म्हणता येईल, आणि नेव्हिरापिन या जुन्या, स्वस्त व फार मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या औषधासाठी ती लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर असावी असे मानले जाते. पातळी त्याखाली रेंगाळली की विषाणूची वाढ थोडी थोडी चालू राहते, वाढताना त्याच्या जनुकीय नकलेत चुका होतात, आणि त्यांतील ज्या चुकीमुळे औषधाचा परिणाम टळतो ती नक्कल टिकून फोफावते. यालाच प्रतिरोध म्हणतात. नेव्हिरापिनच्या बाबतीत असा एकच बदल पुरतो, आणि मग ते औषध त्या मुलाला बहुधा कायमचे निरुपयोगी होते.

प्रौढाचा डोस वजनाच्या प्रमाणात भागला तर मुलाला पुरेल, हा समज येथेच फसतो. तान्ह्या मुलाच्या यकृतातील औषध मोडणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, अपक्व असतात, त्यामुळे जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत औषध शरीरात साचू शकते. पुढे हीच विकरे जोर धरतात, आणि वजनाच्या मानाने मोठे असलेले यकृत पहिल्या काही वर्षांत अनेक औषधे दर किलोमागे प्रौढापेक्षा अधिक वेगाने मोडते. एकत्रित गोळीत अडचण आणखी वाढते, कारण तिच्यातील प्रत्येक औषधाचा शरीराबाहेर पडण्याचा मार्ग वेगळा असतो. मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या ‘ट्रायोम्यून’ या प्रौढांच्या गोळीत लॅमिवुडिन १५० मिलिग्रॅम आणि नेव्हिरापिन २०० मिलिग्रॅम होते. त्याच कंपनीने लहान मुलांसाठी काढलेल्या ‘ट्रायोम्यून बेबी’ गोळीत लॅमिवुडिन ३० आणि नेव्हिरापिन ५० मिलिग्रॅम ठेवले गेले. लॅमिवुडिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि नेव्हिरापिन यकृतात मोडते, हे ध्यानात घेऊन मुलांच्या गोळीत नेव्हिरापिनचे प्रमाण लॅमिवुडिनच्या मानाने वाढवलेले होते. प्रौढांची गोळी कितीही अचूक कापली तरी हे प्रमाण तिच्यातून मिळणे शक्य नव्हते. मलावीमध्ये पाव गोळी घेणाऱ्या मुलांच्या रक्तात नेव्हिरापिन अपुरे आढळले.

मुलांसाठीच्या या नव्या गोळ्यांची तपासणी झांबियात, लुसाका येथील विद्यापीठ रुग्णालयात झाली, आणि अशा तपासणीचा दिवस कसा असतो हे सांगण्याजोगे आहे. मूल सकाळचा डोस न घेता येते, त्याचे वजन-उंची मोजली जाते आणि हाताच्या शिरेत कॅन्युला, म्हणजे बारीक मऊ नळी, बसवली जाते, जेणेकरून पुढे प्रत्येक वेळी सुई टोचावी लागू नये. पहिला नमुना डोसच्या आधी घेतात, कारण तळपातळी त्यातच सापडते. मग परिचारिकेच्या डोळ्यांसमोर मूल गोळी घेते आणि ती वेळ मिनिटासह नोंदवली जाते. त्यानंतर दिवसभर ठरलेल्या तासांना एक-दोन मिलिलिटर रक्त काढत राहावे लागते. लहान मुलाच्या अंगात रक्त थोडेच, त्यातून ते कुपोषित असेल तर आणखी कमी, म्हणून नमुन्यांची संख्या आणि मात्रा आधी मोजूनमापून ठरवलेली असते. मुलाने गोळी घेतल्यावर उलटी केली, नमुना दहा मिनिटे उशिरा घेतला गेला, आदल्या रात्रीचा डोस नेमका किती वाजता दिला हे आईला आठवेना, या सगळ्याची नोंद करावी लागते, कारण वेळ चुकली की पातळीच्या आकड्याला अर्थ उरत नाही. मुलाला खेळवत, समजावत, त्याच्या भीतीचा मान राखत हे काम करणाऱ्या परिचारिकांचे कौशल्य शोधनिबंधांतील तक्त्यांत दिसत नाही. तक्त्यातला प्रत्येक आकडा मात्र त्यावरच उभा असतो.

रक्त काढल्यावर ते सेंट्रीफ्यूजमध्ये वेगाने फिरवून पेशी खाली बसवतात, वरचा पिवळसर रक्तद्रव वेगळा करतात आणि मोजणी होईपर्यंत गोठवून ठेवतात. लुसाकातील नमुने नेदरलँड्समधील नायमेखन येथील विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मोजले गेले. एवढ्या लांबच्या प्रवासात नमुना एकदा जरी वितळला तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. मोजणीनंतर पातळी आणि वेळ यांचा आलेख काढतात, आणि त्या वक्ररेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे त्या मुलाच्या शरीराला दोन डोसांच्या दरम्यान एकूण किती औषध लाभले याचे माप. झांबियातील या अभ्यासाने मुलांच्या गोळीतून नेव्हिरापिनची पातळी सर्वसाधारणपणे पुरेशी राहते हे दाखवले आणि तुकडे करण्याच्या पद्धतीला खरा पर्याय मिळाला.

भारतात मुलांसाठीचा राष्ट्रीय उपचार कार्यक्रम नोव्हेंबर २००६ मध्ये सुरू झाला, आणि चेन्नईच्या क्षयरोग संशोधन संस्थेतील संशोधकांनी येथील मुलांच्या रक्तातील नेव्हिरापिन मोजले. तीन वर्षांखालील आणि वाढ खुंटलेल्या मुलांत पातळी कमी आढळली, तर यकृतातील एका विशिष्ट विकराचे जनुक वेगळे असलेल्या मुलांत ती अधिक. म्हणजे ज्या मुलांना औषधाची गरज सर्वांत निकडीची, त्यांनाच ते कमी पोचण्याचा धोका अधिक होता. क्षयरोगाने यात भर पडते, कारण त्यावरील रिफॅम्पिसिन हे औषध यकृतातील विकरांना चेतवते आणि एचआयव्हीची कित्येक औषधे त्यामुळे नेहमीपेक्षा लवकर मोडली जातात.

पातळीचा आकडा वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. उपचार केंद्रावर जायचे म्हणून आधीच्या दोन-तीन दिवसांत डोस वेळेवर दिला गेला असेल, तर रक्तातील पातळी चांगली दिसेल आणि आधीच्या महिन्यातील खाडे लपून जातील. म्हणून उपचाराचा निकाल विषाणूभारावरून, म्हणजे एक मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या किती प्रती आहेत यावरून, ठरवतात. तो १,००० च्या वर गेला तर आधी औषध घेण्यातील अडचणी शोधून समुपदेशन करायचे आणि पुन्हा तपासायचे, असा शिरस्ता आहे. आईवडील गमावलेल्या मुलाला आजी औषध देत असेल, किंवा शेजाऱ्यांपासून डबी लपवावी लागत असेल, तर प्रयोगशाळेने अचूक ठरवलेला डोसही अपुराच पडतो.

योग्य औषध योग्य मात्रेत वेळेवर मिळाल्याने काय घडते, हे दोन चाचण्यांनी स्पष्ट केले आहे. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘चेर’ चाचणीत, लक्षणे दिसण्याची वाट न पाहता तान्ह्या मुलांना उपचार सुरू केल्याने मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले. पुढे डोल्युटेग्राव्हिर हे प्रतिरोधाला सहजी बळी न पडणारे औषध आले. युगांडा, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका, थायलंड आणि युरोप येथे झालेल्या ‘ओडिसी’ चाचणीत १४ किलो वा त्याहून अधिक वजनाच्या ७०७ मुलांमध्ये ९६ आठवड्यांत या औषधाच्या गटात १४ टक्के, तर प्रचलित उपचारांच्या गटात २२ टक्के अपयश नोंदले गेले. याच चाचणीत रक्तपातळी मोजताना असे दिसले की २० किलोवरील मुलांना आधी सुचवलेले डोस कमी पडतात, आणि पाण्यात विरघळणाऱ्या गोळीतील ३० मिलिग्रॅम औषध रक्तात जवळजवळ तेवढेच उतरते जेवढे प्रौढांच्या वेष्टनयुक्त गोळीतील ५० मिलिग्रॅम. गोळीवर छापलेला आकडा आणि रक्तात पोचलेले औषध यांतील हे अंतर रक्त तपासल्याखेरीज कोणालाही कळले नसते.

तरीही अमेरिकेत प्रौढांसाठी २०१३ मध्ये मंजूर झालेल्या डोल्युटेग्राव्हिरची तान्ह्या मुलांसाठीची विरघळणारी गोळी मंजूर व्हायला २०२० उजाडले. हा सात वर्षांचा विलंब केवळ शास्त्रीय अडचणींनी झाला असे म्हणता येत नाही. बाधित मुले बहुतांशी गरीब देशांत आहेत आणि त्यांच्यासाठी गोळी बनवण्यात नफा थोडा आहे, हे त्यामागचे मोठे कारण होय. मुंबईची मॅक्लिऑड्स आणि व्हिएट्रिस या कंपन्यांनी त्याच वर्षअखेर वर्षाला ३६ डॉलर इतक्या किमतीत ही गोळी देण्याचे मान्य केले, यावरून इच्छा असल्यास काय साधते ते कळते.

या विरघळणाऱ्या १० मिलिग्रॅमच्या गोळीचा डोस मुलाच्या वजनानुसार ठरतो: ६ ते ९.९ किलोसाठी दीड गोळी, १० ते १३.९ किलोसाठी दोन, १४ ते १९.९ किलोसाठी अडीच. वाढते मूल दोन भेटींच्या दरम्यान यांतील एक सीमा सहज ओलांडते, म्हणून एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी उपचार देणाऱ्या, केंद्रावर प्रत्येक भेटीत त्याचे वजन केलेच पाहिजे, आणि मागच्या चिठ्ठीवरचा डोस वजन न पाहता पुन्हा लिहिता कामा नये.