कमावलेली झडप

दवाखान्यातून घरी सोडताना दादाला पत्त्यांच्या पानाएवढं एक कार्ड दिलं होतं. पाकिटात कायम ठेवा, एवढंच सांगितलं होतं. दीड महिन्यानं त्याच्या नातीनं ते नीट वाचलं. झडपेचा क्रमांक, मिलिमीटरमधला आकार आणि 'बोवाइन पेरिकार्डियल' असे दोन शब्द. तिनं मोबाइलवर अर्थ पाहिला आणि घरात शांतता पसरली. माझा चुलत भाऊ माळकरी. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत त्यानं रिह्यातली भातशेती बैलांनी केली आणि अजून गोठ्यात दोन गाई आहेत. त्यानं मला फोन केला. "तू जनावरांचं शास्त्र शिकवायचीस ना? मग ये आन् सांग, माझ्या छातीत काय बसवलंय."

मी प्राणिशास्त्राची निवृत्त अध्यापिका. रिहे माझं माहेर. घोटावडे फाट्यावरून आत वळेपर्यंत मी मनात भाषणाची जुळवाजुळव करत होते, आणि खोऱ्यात शिरल्यावर लक्षात आलं की भाषणाचा काही उपयोग नाही. दाखवायला हवं होतं. परत फिरून बाजारातल्या खाटकाकडून बोकडाचं दिल घेतलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मराठीत आपण 'काळजाला घर पडलं' म्हणतो तेव्हा छातीतलं हृदय डोळ्यांसमोर असतं. खाटकाकडे काळीज मागितलं तर तो यकृत तोलून देतो. कवितेतलं काळीज आणि तागडीतलं काळीज यांत एवढं अंतर आहे. हृदय हवं असेल तर त्याच्याकडे 'दिल' मागावं लागतं.

दादाच्या घरात मांस येत नाही. म्हणून गोठ्यामागच्या दगडावर, जुन्या पाटावर मी ते ठेवलं. तो चार पावलं लांब उभा राहिला, मग दोन, मग वाकून बघू लागला. हृदयाभोवतीची पातळ, चिवट, पांढुरकी पिशवी मी आधी सोडवली. खाटकानं ती बरीचशी फाडली होती, तरी तळहाताएवढी हाती आली. हेच हृदयावरण. पिशवी ताणली तर फाटत नाही, बोटाला ओढ जाणवते. त्यातले कोलॅजनचे तंतू गोधडीच्या टाक्यांसारखे वेगवेगळ्या दिशांनी गेलेले असतात. मग महाधमनी, म्हणजे शरीरभर रक्त नेणारी जाड नळी, मोकळी केली आणि तांब्यानं तिच्यात वरून पाणी ओतलं. पाणी आत गळून जायला हवं होतं. गेलं नाही. तळाशी तीन पातळ पाळ्या पाण्याच्या वजनानं फुगून एकमेकींना भिडल्या आणि पाणी वर तरंगत राहिलं. थोडं झिरपलं, कारण हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्यांची तोंडं त्याच पाळ्यांच्या वर असतात. "ही झडप," मी म्हणाले. "तुझी दगडासारखी कडक झाली होती. उघडत नव्हती, म्हणून चढावर दम लागायचा."

ही झडप दिवसातून सुमारे एक लाख वेळा उघडमीट करते, वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. तिच्या जागी काय बसवायचं याची दोन उत्तरं आहेत. एक धातू-कार्बनचं किंवा धातू-प्लास्टिकचं यंत्र. ते झिजत नाही म्हटलं तरी चालेल, पण त्याच्यावर रक्त गोठतं, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या आणि रक्ताची तपासणी वरचेवर करायची. दुसरं उत्तर म्हणजे जनावराच्या ऊतीची झडप : डुकराची स्वतःची झडप, किंवा गाईबैलाच्या हृदयावरणातून कापून शिवलेली. तिला बहुधा अशा गोळ्या जन्मभर लागत नाहीत, पण ती दहा-पंधरा वर्षांनी थकते. साठी-पासष्टी ओलांडलेल्यांना म्हणून सहसा हीच बसवतात. दादाच्या बाबतीत निवड चुकली असं मला मुळीच वाटत नाही. पावसाळ्यात रक्ततपासणीसाठी पुण्याला खेपा घालणं त्याला जमलं नसतं. माझी तक्रार वेगळी आहे. इंग्रजी संमतीपत्रावर पुतण्याची सही घेतली आणि झडप कशाची आहे हे एका वाक्यात कुणी बोललं नाही. डुकराची असती तर मुसलमान शेजाऱ्याला आणि गाईची असली तर माळकऱ्याला ते आधी कळायला हवं. बहुतेक जण ऐकून घेऊन 'बसवा' म्हणतील, पण म्हणायची संधी तर द्या.

आता खरा प्रश्न. एका जातीच्या प्राण्याची ऊती दुसऱ्याच्या अंगात टिकते कशी? सुरुवातीला ती टिकत नव्हतीच. पॅरिसमध्ये आलाँ कार्पाँतिए आणि झाँ-पॉल बिने यांनी १९६५ साली डुकराच्या झडपा माणसाला बसवल्या. रुग्ण उठून चालू लागले, पण थोड्याच वर्षांत झडपा खराब होऊ लागल्या. शरीर त्यांना परकं समजून कुरतडत होतं. १९६८ च्या सुमारास कार्पाँतिए यांनी ग्लुटाराल्डिहाइड वापरलं, आणि चित्र पालटलं.

हे दादाला समजावणं मला सर्वांत सोपं गेलं, कारण आमचं आजोळ शिरूरकडचं. तिथल्या विहिरीवर मोट होती. बैल उतरणीवरून पुढे जायचे, चामड्याची मोट पाण्यानं भरून वर यायची, सोंडेतून पाटात ओतायची आणि पुन्हा खाली. वर्षानुवर्षं पाण्यात बुडून, दुमडून ते कातडं कुजत का नव्हतं? कारण ते कमावलेलं होतं. कच्चं कातडं चुन्यात घालून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवायचं. कोल्हापूरकडे चपलांचं कातडं कमावताना त्याचीच पिशवी शिवून टांगत आणि आत साल-हिरड्याचा काढा भरत. आमच्या मावळातल्या रानातला हिरडा पोट साफ करायला जसा उपयोगी, तसाच कातड्याला. त्यातलं टॅनिन कोलॅजनच्या तंतूंना एकमेकांशी बांधून टाकतं. मग ना जंतूंना तंतू सोडवता येतात, ना पाण्याला.

ग्लुटाराल्डिहाइड तेच करतं. पाच कार्बनांचा हा छोटा रेणू, त्याला दोन्ही टोकांना पकडी. एका टोकानं एक प्रथिन धरतो, दुसऱ्यानं शेजारचं. चामड्याच्या उद्योगातही तो वापरतात. मोट आणि झडप यांचं नातं मी ओढूनताणून लावलेलं नाही, ते रसायनातलंच आहे. कत्तलखान्यातून आलेलं हृदयावरण धुऊन, निवडून, या द्रावणात कमावलं जातं. मग एकसारख्या जाडीचे तुकडे कापून चौकटीवर हातानं शिवतात. जनावरांच्या आजारांवर, विशेषतः 'मॅड काऊ'वर, कडक नजर असलेले कळप त्यासाठी निवडतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर झडप बरणीतून काढून मिठाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळतात, कारण राखणारं द्रावण रक्तात जाता कामा नये.

पण कमावण्याची किंमत असते. कमावलेल्या ऊतीत जिवंत पेशी उरत नाहीत. आपल्या झडपेतल्या पेशी रोजची झीज रोज भरून काढतात. मोटेला भोक पडलं तर ठिगळ लावता येई. ही झडप मात्र फक्त झिजते. शिवाय मेलेल्या पेशींची आवरणं आणि मोकळे राहिलेले अल्डिहाइड यांच्याभोवती कॅल्शियम साचतं. म्हणजे कातड्याचं काम चुन्यानं सुरू होतं आणि झडपेचं चुन्यानं संपतं.

हे कळलं प्राण्यांकडून. कमावलेल्या ऊतीचे बारीक तुकडे उंदरांच्या कातडीखाली ठेवले तर काही आठवड्यांत त्यांवर कॅल्शियम चढतं. कोणती प्रक्रिया केली की ते कमी चढतं हे तिथे तपासता येतं. मग झडप कोकरू-वयाच्या मेंढीच्या हृदयात पाचेक महिने ठेवतात. वाढत्या अंगात कॅल्शियमची उलाढाल जोरात असते, त्यामुळे माणसात अनेक वर्षांत दिसेल ते मेंढीत महिन्यांत दिसतं. तरुण माणसातही हेच होतं. आपल्याकडे संधिवाती तापानं झडपा गमावणारे पुष्कळदा विशी-तिशीतले असतात. त्यांच्यात ऊतीची झडप लवकर खराब होते, आणि धातूची बसवावी तर मुलीच्या गरोदरपणात रक्त पातळ करणारी गोळी गर्भाला धोक्याची. या पेचाला आजही सोपं उत्तर नाही.

धातूची झडपही मेंढीला चुकवू शकत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या गटानं भारतीय झडप घडवली, तेव्हा पहिली तीन प्रारूपं टाकून द्यावी लागली. तिसऱ्यातली कृत्रिम नीलमण्याची चकती मेंढीच्या हृदयात तडकली. चौथी, प्लास्टिकच्या चकतीची, १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसाला बसली. ती तडकलेली चकती एखाद्या माणसाच्या छातीत सापडली असती.

तरी जनावर सगळंच खरं सांगत नाही. गेलननं बैल, माकडं, डुकरं फाडून माणसाचं शरीर लिहिलं. मेंदूच्या तळाशी त्यानं सांगितलेलं रक्तवाहिन्यांचं जाळं माणसात नाहीच, हे उघड व्हायला व्हेसालियसचं १५४३ सालचं पुस्तक यावं लागलं. डुकराच्या महाधमनीच्या एका पाळीच्या बुडाशी स्नायूचा पट्टा असतो, माणसात तसा नसतो; त्यानं वाट अरुंद होते म्हणून ती पाळी बदलून झडपा बनवाव्या लागल्या. आणि सर्वांत चकवणारी गोष्ट : गाय, डुक्कर, मेंढी यांच्या पेशींवर 'अल्फा-गॅल' नावाची एक साखर असते. माणसात ती नसते, उलट आपल्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं असतात. मेंढीत गाईची झडप बसवली तर हे भांडण होतच नाही, कारण मेंढीला ती साखर घरचीच. मेंढीत उत्तम टिकलेली झडप माणसात तशीच टिकेल याची हमी म्हणून कुणी देऊ नये.

आमच्या वर्गात पूर्वी बेडूक, झुरळं फाडली जात. २०११ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं विच्छेदन टप्प्याटप्प्यानं थांबवायला सांगितलं, आणि मला ते पटलं. पडद्यावर बेडूक पाहून चालतं. पण पाण्याच्या वजनानं पाळ्या मिटताना बोटाला जे जाणवतं ते पडद्यावर कळत नाही, हेही मला माहीत आहे. दोन्ही खरं आहे.

दादानं तांब्यातलं पाणी स्वतः एकदा ओतून पाहिलं. मग हात धुतले, गोठ्यात गेला, गाईच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मी ते दिल खोल खड्डा करून पुरलं.

जेवताना त्यानं विचारलं, "पंधरा वर्सं म्हणलीस. मग?"

मी सांगितलं, की आता मांडीतल्या धमनीतून नळी सरकवून जुन्या झडपेतच नवी बसवता येते. तीही बहुधा जनावराच्याच हृदयावरणाची, कारण धातूची चकती घडी घालून नळीतून जात नाही, कमावलेली पातळ ऊती जाते. नळीतून महाधमनीची झडप माणसाला पहिल्यांदा बसवली ती २००२ साली फ्रान्समध्ये आलाँ क्रिबिए यांनी.

"म्हंजे परत गाय."

"हो. बहुधा."

कार्ड त्यानं पाकिटातून काढून देव्हाऱ्यात विठोबाच्या तसबिरीमागे ठेवलं. मी ते परत पाकिटात ठेवायला लावलं. प्रवासात काही झालं तर डॉक्टरला ते लागतं.

भाताची कापणी उरकली की त्याची पुढची इको तपासणी आहे.