कोकराला पिशवी, आमच्या बाळांना काय?

अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील संशोधकांनी एप्रिल २०१७ मध्ये एक प्रयोग जगापुढे मांडला. अपुऱ्या दिवसांची मेंढीची पिल्ले त्यांनी पारदर्शक पिशवीत, गर्भजलासारख्या द्रवात, चार आठवड्यांपर्यंत जगविली. पंप नाही, पिल्लाचेच हृदय नाळेवाटे रक्त यंत्राकडे ढकलते, तेथे त्याला प्राणवायू मिळतो. माणसाचे तेवीस-चोवीस आठवड्यांचे बाळही उद्या असे वाचावे, हा हेतू. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी मानवी चाचण्यांवर चर्चाही केली.

आम्ही या विज्ञानाचे स्वागतच करतो. पण भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ ची रात्र विसरता येत नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली. सतरापैकी दहा बाळे गेली. काही भाजून, काही धुराने गुदमरून. असा कक्ष कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांसाठीच असतो. गरिबाच्या लेकराची तीच पिशवी!

१९५४ साली याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविणाऱ्या बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. आईला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, तिचा भार शासनानेही उचलावा, ही त्यांची भूमिका होती. सरकारी दवाखान्यात वेळेवर उपचार न मिळणे हा कलम २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधील शेतमजुराच्या प्रकरणात सांगितले.

म्हणून आमचा सवाल यंत्राला नाही, शासनाला आहे. नवे यंत्र येईल तेव्हा येवो. आज प्रत्येक शिशू कक्षात धडधाकट वायरिंग, आग विझविण्याची साधने आणि रात्रभर जागी परिचारिका आहे काय? समाजबांधवांनो, आपल्या तालुक्यात जाऊन हे विचारा आणि लेखी उत्तर घ्या.