राखणीचें कुत्रें : ज्याची त्याची शिकवण

मुळशी तालुक्यांत आंबेमोहोराचा दाणा दुधांत आला कीं शेतकऱ्याची झोप उडते. रात्रीं रानडुकरांचे कळप खाचरांत उतरतात. खातात थोडें आणि तुडवितात फार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें परवानगीवांचून त्यांस मारतां येत नाहीं. तेव्हां राखण करणें भाग, आणि राखणीस कुत्र्यासारखा सोबती नाहीं.

परंतु कुत्र्याचा धाक डुकरास वाटावयाचा तर तें आधीं शिकविलें पाहिजे. त्यासाठीं एकच ठराविक पाठ सर्वांस सांगण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांस १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें पचनक्रियेवरील कामाबद्दल. तथापि कुत्र्यांवर प्रयोग करितां करितां त्यांस असें आढळलें कीं, धडा एकच असला तरी कांहीं कुत्रीं चटकन् खवळतात, कांहीं भेदरून गप्प होतात, तर कांहीं शांतपणें शिकतात. अनुभवी धनगरास हें निराळें सांगावयास नको.

पिलाजवळ एखादें ताट जमिनीवर पडूं द्यावें. दचकून पुन्हां हुंगावयास येणारें पिलूं राखणीस उत्तम. कोपऱ्यांत दडणाऱ्यास ओरडून वा मारून धीट करतां येत नाहीं. मारानें तें कायमचें बुजतें, किंवा भीतीपोटीं चावूं लागतें. जें ताटावरच भुंकत धांवून जातें, त्यास आधीं थांबणें शिकवावें. बक्षीसही ज्याच्या त्याच्या आवडीचें असावें : एकास भाकरीचा तुकडा, दुसऱ्यास पाठीवरचा हात. मात्र तें कामासरशीं, क्षणाचाही विलंब न लावतां द्यावें.

मुधोळ जातीच्या देखण्या कुत्र्याचा कित्येकांस मोह पडतो. २००५ सालीं त्याचें चित्र टपाल तिकिटावरही आलें. पण तें दख्खनच्या उघड्या माळावर सशामागें धांवणारें जनावर. मुळशीच्या पावसांत व जाळींत त्याचा वेग काय कामाचा? येथें पाठलाग करणें हाच मोठा धोका आहे, कारण बिबट्यास कुत्रें आवडतें आणि रात्रीं एकटें रानांत शिरलेलें कुत्रें पुष्कळदां परत येत नाहीं. म्हणून बांधावर भुंकणें व हांक ऐकतांच माघारीं फिरणें हा पहिला धडा होय. तो दिवसां, लांब दोरी लावून बांधावरच द्यावा. धीट कुत्र्यास ही दोरी लगेच चालते. भित्र्याच्या गळ्यांत मात्र प्रथम कांहीं दिवस अंगणांतच ती लोळती ठेवावी. ‘छू’ म्हणून अंगावर सोडण्याचा खेळ पोरांस खेळूं देऊं नये.

शिकविणाराही तपासून घ्यावा. माळ्यावर म्हातारे बाबा बसणार असतील, तर दोरीस हिसके देणारें दांडगें कुत्रें त्यांच्या स्वाधीन करूं नये. त्यांचा आवाज बसला असेल तर टाळीवर शिकवावें. तापट गड्यानें धडा थोडक्यांत आटोपावा, कारण चिडलेल्या माणसाचें कुत्रें त्याच्याकडे येणेंच टाळतें. घरीं सून भाकरी घालते आणि राखणीस मुलगा जातो, अशा घरांत कुत्रें मुलाचें कां ऐकत नाहीं याचें नवल करूं नये. कांहीं आठवडे त्यानें स्वहस्तें घालावी. बोलावण्याचा शब्दही घरांत एकच ठरवावा. ‘हाड’ हा शब्द तर गांवांत जो तो उच्चारतो. तो हुकूम म्हणून निरुपयोगी.

पिलूं तीन महिन्यांचें झालें कीं रेबीजची लस टोंचवावी व पुढें दरवर्षीं. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत माणसें, गुरें, कंदील यांची ओळख करून दिल्यास तें पुढें बुजत नाहीं. ज्येष्ठांत आणलेलें पिलूं त्याच आश्विनांत राखणीस नेऊं नये. गांवठी कुत्रीं बहुधा हिवाळ्यांत वितात. त्या वेळीं निवडून घेतलेलें पिलूं पुढील आश्विनांत दहा-अकरा महिन्यांचें होतें, आणि तेव्हां तें धन्याबरोबर बांधावर न्यावें.