गाडीची किल्ली कधी ठेवायची?

निवृत्तीनंतर दोघांनीच गाडी काढायची, घाट उतरून कोकणात जायचं, ही हौस किती जोडप्यांना असते! पण यजमान सत्तरीला आले की प्रश्न येतोच, आता किती दिवस? आणि उत्तर आधी कळतं ते शेजारी बसणारीला.

रात्री समोरच्या दिव्यांनी त्यांचे डोळे दिपतात? मोतीबिंदू असेल, शस्त्रक्रियेनं तो त्रास जाऊ शकतो. काचबिंदू मात्र लबाड! समोरचं स्वच्छ दिसतं, कडेचं हळूहळू नाहीसं होतं, आणि गेलेली नजर परत येत नाही. मान वळत नसेल, गाडीवर नवेनवे ओरखडे दिसत असतील, तर मनात टिपून ठेवा. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्यांनी साखर फार उतरली, तर गाडी चालवताना भान सुटू शकतं. पाकिटात ग्लुकोज हवंच.

लायसन्सवर विसंबू नका. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार पंचावन्नीनंतर ते ५ वर्षांसाठी मिळतं, डॉक्टरांचा दाखलाही लागतो. पण ५ वर्षांत काय काय होतं, बाई!

सांगायचं कसं? मुला-सुनेसमोर तर मुळीच नको. "तुम्हाला जमत नाही" म्हटलं की पुरुष हट्टाला पेटलाच. "अहो, तुम्हालाही खिडकीतून दरी बघू दे की," म्हणून घाटापुरता ड्रायव्हर घ्या. त्याआधी रात्रीचं चालवणं थांबवा. (आपण स्वतः शिकलो असतो तर? अजूनही शिकता येतं म्हणा.)

मात्र रोजचा रस्ता चुकू लागला, किंवा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडला, तर टप्प्याटप्प्यानं नको. त्याच दिवशी किल्ली कपाटात, आणि दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे, रिक्षानं.