स्वस्त फोन, खऱ्या कळा आणि देवनागरीची अडचण

आजच्या मोबाइलवर अक्षराची कळ औषधालाही सापडत नाही. फोनचा अवघा दर्शनी भाग काचेने व्यापलेला असतो. २००८च्या सुमारास मात्र संगणकासारखा पूर्ण कळफलक असलेला फोन हे कचेरीतल्या वरिष्ठांचे लक्षण मानले जाई. ब्लॅकबेरी किंवा नोकियाचा ई ७१ खिशात बाळगणे ही सामान्य नोकरदाराला न परवडणारी चैन होती. ती आवाक्यात आणण्याचा एक ठळक प्रयत्न म्हणजे नोकियाने नोव्हेंबर २००८मध्ये जाहीर केलेला ई ६३. कर आणि सवलती वगळून त्याची अपेक्षित किंमत १९९ युरो होती. हा फोन प्रथमदर्शनीच का आवडे आणि तरीही या पठडीतले फोन बाजारातून का हटले, हे मराठीत लिहिणाऱ्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

काटकसर कोठे केली?

ई ६३ हा ई ७१चा धाकटा भाऊ. थोरल्याचे धातूचे आवरण जाऊन येथे प्लास्टिक आले. ३.२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची जागा २ मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्याने घेतली आणि जीपीएस वगळण्यात आले. मात्र सिंबियन प्रणाली, वाय-फाय, थ्रीजी आणि १५०० मिलिअँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी कायम राहिली. एका बाबतीत तर धाकटा सरस ठरला. ई ७१ला हेडफोनसाठी २.५ मिलिमीटरचे छिद्र होते, तर ई ६३ला सर्वत्र मिळणाऱ्या हेडफोनला चालणारे ३.५ मिलिमीटरचे.

आणखी एक सोय लहान, पण उपयोगाची होती. स्पेसची कळ काही क्षण दाबून धरली, की कॅमेऱ्याचा दिवा विजेरीसारखा पेटत असे. भारनियमनाची सवय असलेल्या महाराष्ट्रात अशा सोयीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. थ्रीजीचा लाभ मात्र भारतात लगेच मिळण्यासारखा नव्हता. खासगी कंपन्यांसाठी थ्रीजी लहरींचा लिलाव २०१०मध्ये झाला. तोपर्यंत बहुतेकांना वेगवान इंटरनेटसाठी वाय-फायवरच विसंबावे लागे.

अंगठ्यांना काय जाणवे?

त्या काळातील साध्या फोनवर बारा कळा असत. इंग्रजी ‘एस’ हे अक्षर उमटवण्यासाठी सातची कळ चार वेळा दाबावी लागे. पूर्ण कळफलकावर हेच काम एका दाबात होई. ई ६३ची रुंदी जेमतेम ५९ मिलिमीटर असल्याने कळा लहान होत्या, पण त्या किंचित फुगीर असल्याने एक कळ कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे अंगठ्याला कळत असे. सराव झाल्यावर कळांकडे न पाहताही निरोप लिहिता येई. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिहीनांसाठी तर ही केवळ सोय नव्हती. फोन स्वतंत्रपणे वापरण्याचा तो मार्ग होता.

याची किंमत पडद्याने मोजली. कळफलकाने दर्शनी भागाचा मोठा हिस्सा अडवल्याने पडदा अवघा २.३६ इंचांचा उरला. ईमेलला तो पुरत असे. छायाचित्रे, नकाशे आणि चित्रफितींना अपुरा पडे.

मराठीची कोंडी

इंग्रजीची २६ अक्षरे अशा कळफलकावर सहज मावतात. मराठीचे स्वर, व्यंजने, काना-मात्रा आणि जोडाक्षरे यांचे गणित वेगळे आहे. संगणकावरील इन्स्क्रिप्ट मांडणीत च, ट आणि ड ही अक्षरे विरामचिन्हांच्या किंवा कंसांच्या कळांवर येतात. फोनच्या आखूड कळफलकावर या कळांना स्वतंत्र जागा नसे. शिवाय कळेवर एकदा छापलेले अक्षर बदलता येत नाही. फ्रान्स आणि जर्मनीसाठीसुद्धा कळफलकाची मांडणी वेगळी करावी लागे. मग भारतातील प्रत्येक लिपीसाठी वेगळा साचा करणे स्वस्त फोनला परवडणार कसे?

दोष केवळ कळांचा नव्हता. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरचिन्हे बसतात, तर देवनागरीत फक्त ७०. त्यातही काना, मात्रा आणि हलन्त स्वतंत्र मोजले जातात. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाला १० चिन्हे लागतात. साहजिकच, असंख्य मराठी माणसे रोमन लिपीत निरोप लिहू लागली. त्या लिपीत ‘काल’, ‘कळ’ आणि ‘कल’ सारखेच दिसत आणि खरा अर्थ संदर्भावरून ओळखावा लागे.

काचेवरील कळफलकाने ही कोंडी फोडली. तेथील कळा सॉफ्टवेअरने रेखाटलेल्या असल्याने त्याच जागी घटकेत इंग्रजी, तर घटकेत देवनागरी येऊ शकते. रोमनमध्ये लिहून देवनागरी मिळवता येते, बोलूनही लिहिता येते. बोटांना मिळणारी खात्री गेली, पण आपली लिपी हाती आली.

आज असा फोन घ्यायचा झाल्यास

कळांचे फोन पूर्णपणे नाहीसे झालेले नाहीत. चीनमधील युनिहर्ट्झ या कंपनीने २०१९मध्ये टायटन आणि २०२१मध्ये टायटन पॉकेट हे अँड्रॉइडवर चालणारे फोन लोकवर्गणीतून भांडवल उभारत आणले. असा एखादा फोन घेण्याचा मोह झाल्यास कळांच्या पहिल्या सुखद स्पर्शावर निर्णय सोडू नये. सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, हे विचारून घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅपने २०१७मध्ये सिंबियन फोनवरील सेवा थांबवली, तेव्हा ज्या जुन्या फोनांच्या कळा शाबूत होत्या, त्यांचाही रोजचा उपयोग घटला. आपल्या बँकेचे अ‍ॅप त्या लहान पडद्यावर नीट दिसते का, हेही पाहावे.

आणि सर्वांत आधी, विक्रेत्यासमोरच त्या खऱ्या कळांवर ‘ज्ञानेश्वर’ हा एक शब्द देवनागरीत लिहून पाहावा. तो सहज उमटला, तरच किमतीची घासाघीस सुरू करावी.