थोटकाचा दंड आणि प्रज्ञापराध

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या चिकित्सालयासमोरील गटार तुंबले. नगरपरिषदेच्या सफाई कामगार मावशींनी गाळ उपसून रस्त्याच्या कडेला टाकला. त्यात सुपारीच्या पुड्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या आणि ओंजळभर सिगारेटची थोटके होती. मावशींनी त्यातील एक थोटूक काठीने वेगळे केले आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ही हिरव्या पट्टीची तुमच्याच दुकानातली ना?" त्यांचे म्हणणे खरे होते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी म्हणून आमच्या औषधालयात ठेवलेल्या वनौषधी सिगारेटची ती थोटके होती. पायरीवर उभे राहून ओढायची आणि गटारात टाकायची, हा काही ग्राहकांचा परिपाठच झाला होता. त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हे त्या उत्तराच्या शोधाचे फलित आहे.

सार्वजनिक ठिकाणी थोटूक टाकणाऱ्यास दंड करावा, ही मागणी आपल्याकडे अधूनमधून होते. अनेक देशांत असा दंड प्रत्यक्ष आकारला जातो. त्या अनुभवाकडे पाहताना मला चरकाचार्यांच्या प्रज्ञापराध या संकल्पनेचे साहाय्य झाले. धी, धृति आणि स्मृति यांच्या भ्रंशाने मनुष्य जे अशुभ कर्म करतो, तो प्रज्ञापराध होय. थोटूक टाकणाऱ्या हाताच्या ठायी या तिघांपैकी नेमका कशाचा भ्रंश झालेला असतो आणि दंडाने त्यातील काय सावरते, हा खरा प्रश्न आहे.

धी : थोटूक म्हणजे नेमके काय?

रस्त्यावर प्लॅस्टिकची बाटली टाकताना ज्याला संकोच वाटतो, असा सुशिक्षित गृहस्थही थोटूक सहज टाकतो. फिल्टर हा कापसाचा किंवा कागदाचा असतो व मातीत कुजून जातो, असा त्याचा समज असतो. वस्तुतः बहुतेक सिगारेटचे फिल्टर सेल्युलोज ॲसिटेटच्या हजारो सूक्ष्म तंतूंचे बनविलेले असतात. लाकडाच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून मिळविलेले हे एक प्रकारचे प्लॅस्टिकच आहे. ते कुजण्यास वर्षे लागतात. शिवाय निकोटिन, डांबरसदृश द्रव्ये आणि जड धातू यांचा अंश त्यात अडकून राहतो आणि पाण्याच्या संपर्कात आला की बाहेर पडतो.

2011 साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माशांच्या दोन जातींवर याची परीक्षा झाली. एक लिटर पाण्यात ओढलेल्या सिगारेटचे सुमारे एक थोटूक भिजविले असता, त्या पाण्यात चार दिवसांत निम्मे मासे दगावले. बिडीला फिल्टर नसतो व तेंदूचे पान कुजते. परंतु उरलेल्या तंबाखूतील विष तेथेही पाण्यात उतरतेच.

थोटूक हा कचरा आहे की नाही, याविषयीचा संभ्रम केवळ आपल्याकडेच होता असे नाही. इंग्लंडमध्ये 2005 सालच्या कायद्याने सिगारेटची थोटके आणि चघळून टाकलेला गम हा 'कचरा'च होय, असे स्पष्ट शब्दांत नमूद करावे लागले. जे कचऱ्यात गणलेच जात नाही, त्यासाठी दंड कोण भरील? धीभ्रंशाचे हे उत्तम उदाहरण होय.

स्मृति : सिंगापूरचा दंड

दंडाचा विषय निघाला की सिंगापूरचे नाव येतेच. 1 ऑक्टोबर 1968 रोजी पंतप्रधान ली क्वान यू यांच्या हस्ते तेथील स्वच्छता मोहिमेचा आरंभ झाला. त्याच सुमारास कायदाही झाला. 1970 साली बसगाड्यांत आणि चित्रपटगृहांत धूम्रपानास बंदी आली. 1992 साली दंडापलीकडचे एक पाऊल टाकण्यात आले. वारंवार कचरा टाकणाऱ्यास ठळक रंगाचे जाकीट घालून सर्वांसमक्ष सार्वजनिक जागा झाडण्याची शिक्षा न्यायालय देऊ लागले. 2014 साली दंडाची कमाल मर्यादा दुप्पट झाली : पहिल्या अपराधास 2,000, दुसऱ्यास 4,000 आणि त्यापुढे 10,000 सिंगापूर डॉलर.

2015 सालच्या आरंभी गाजलेले एक प्रकरण या व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट करते. एक मनुष्य आपल्या घराच्या खिडकीतून थोटके खाली फेकीत असे. तक्रारी आल्यावर कॅमेरा लावण्यात आला आणि चार दिवसांत 34 वेळा थोटूक फेकल्याचे टिपले गेले. न्यायालयाने 33 अपराधांसाठी प्रत्येकी 600 याप्रमाणे 19,800 डॉलर दंड केला आणि चौतिसाव्यासाठी पाच तास झाडलोटीची शिक्षा दिली.

दंड जबर आहे खरा. परंतु वैद्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. 1968 पासून 2015 पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक दंड चालू असतानाही, तो मनुष्य दिवसाला आठ-नऊ थोटके निःशंकपणे फेकीत होता. कारण चौकात पहारा होता. खिडकीत तो नाही असे त्याला वाटत होते. आपले शहर 'स्वच्छ' नसून 'स्वच्छ केले जाणारे' आहे, अशी खंत तेथील जाणत्या मंडळींनीच अनेकदा बोलून दाखविली आहे.

दंड स्मृतीवर काम करतो, असा माझा निष्कर्ष आहे. थोटूक बोटांतून सुटण्याच्या क्षणी 'हे करू नये' याचे स्मरण तो करून देतो. परंतु ते स्मरण पहाऱ्याइतकेच टिकते. चिकित्सेच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे शमन आहे, शोधन नव्हे. शमनही आवश्यक असते. ज्वर चढलेला असताना शमनास कोणी नावे ठेवीत नाही. मात्र शमनाने दोष निर्मूल झाला असे मानणे ही चूक होय.

धृति : हात कोठे न्यावा?

जपानची राजधानी टोकियो येथील चियोदा या प्रभागाने 2002 साली वर्दळीच्या रस्त्यांवर धूम्रपान करण्यास व थोटके टाकण्यास मनाई करणारा नियम केला आणि 2,000 येन दंड ठेवला. अशा वर्तनासाठी दंड आकारणारा जपानमधील तो पहिला नियम मानला जातो. त्यापूर्वी तेथे शिष्टाचाराच्या आवाहनांवरच भिस्त होती. आवाहन पुरेसे ठरले नाही, म्हणून शिष्टाचाराकडून नियमाकडे, असे धोरण त्या प्रभागाने जाहीर केले. परंतु या नियमाला भूमी सुपीक मिळाली होती. खिशात बाळगण्याच्या झाकणबंद राखदाण्या जपानी मनुष्याच्या परिचयाच्या होत्या आणि धूम्रपानासाठी नेमून दिलेल्या जागाही उपलब्ध होत्या. सिंगापुरातही 2019 पासून ऑर्चर्ड रोड परिसर धूम्रपानमुक्त करताना नेमलेल्या जागा ठेवण्यात आल्या.

यातील मर्म ध्यानात घ्यावे. अहितापासून मनाला आवरून धरणारी ती धृति. हाताला अयोग्य जागेपासून आवरावयाचे, तर योग्य जागा जवळ असली पाहिजे. ती नसेल तर दंड म्हणजे पथ्य न सांगता अपथ्याबद्दल रुग्णावर रागावणे होय.

आपल्याकडील स्थिती

आपल्या देशात 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे. 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे सुधारित नियम लागू झाले व दंडाची मर्यादा 200 रुपये ठरली. हा दंड धुरासाठी आहे, थोटकासाठी नव्हे. रस्त्यावर कचरा टाकण्याविरुद्ध मुंबई महापालिकेचे 2006 चे स्वच्छता उपविधी आले. पुढे 2016 च्या घनकचरा नियमांनी जागच्या जागी दंड आकारण्याची तरतूद स्थानिक संस्थांनी करावी असे सांगितले. 2020 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सिगारेट व बिडीच्या थोटकांच्या विल्हेवाटीसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्याचा आदेश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळास दिला. अर्थात कागदोपत्री आपण अगदीच मागे नाही. परंतु आपापल्या गावी केवळ थोटूक टाकल्याबद्दल दंड भरलेला मनुष्य आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? जो दंड कोणालाच होत नाही, तो स्मृतीही जागवीत नाही.

औषधालयाच्या पायरीवर

आता मावशींच्या प्रश्नाकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात धूमपानाचे सविस्तर वर्णन आहे. त्याचा आधार घेऊन वनौषधी सिगारेटचे समर्थन करणारे आपल्यातही आहेत. परंतु मूळ विधी पाहावा. औषधींचा कल्क शरकाडीवर लेपून वर्ती करावयाची, वाळल्यावर काडी काढून घ्यावयाची, वर्तीला स्नेह लावावयाचा आणि धूमनेत्राच्या एका टोकास ती ठेवून धूम घ्यावयाचा. नेत्र लांब असावे, म्हणजे दुरून येणारा धूम सौम्य होऊन इंद्रियांस बाधत नाही, असेही सांगितले आहे. धूमपानाचे आठ काल ठरलेले आहेत. अकाली व अतिप्रमाणात केलेल्या धूमपानाने बाधिर्य, आंध्य, रक्तपित्त, शिरोभ्रम इत्यादी उपद्रव होतात, हा इशाराही तेथेच आहे. वर्ती जळून जाते, नेत्र पुन्हा वापरात येते. टाकण्याजोगे थोटूक या विधीत उरतच नाही.

दिवसातून वाटेल तेव्हा, वाटेल तितक्या वेळा ओढली जाणारी फिल्टरयुक्त सिगारेट हिच्याशी या विधीचे नाते नाही. तीत तंबाखू नसली तरी जळणाऱ्या वनस्पतीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व डांबर असतेच. आणि तिच्या प्लॅस्टिकच्या फिल्टरला आत कोणती औषधी होती याच्याशी कर्तव्य नाही. तो गटार तितकेच तुंबवितो.

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंस अध्यायात वायु, उदक, देश आणि काल यांच्या वैगुण्याने अख्खी वस्ती रुग्ण होते, असे भगवान आत्रेय अग्निवेशास सांगतात. त्या वैगुण्याचे मूळ अधर्मात आणि प्रज्ञापराधात असून, प्रधान पुरुषांनी धर्म ओलांडला की त्यांचे आश्रित तीच वाट धरतात, हा क्रमही तेथे दिला आहे. आरोग्याच्या बाबतीत आपल्या गल्लीतले प्रधान आपणच आहोत.

म्हणून मी तीन गोष्टी केल्या. वनौषधी सिगारेटची विक्री बंद केली. महिन्याच्या उलाढालीत थोडी घट झाली, हे औषधालय चालविणाऱ्या बंधूंपासून लपविण्याचे कारण नाही. दुसरे, दारापासून काही अंतरावर वाळू भरलेली झाकणाची कुंडी ठेविली. तिसरे, रुग्णपत्रकात धूम्रपानाच्या नोंदीबरोबर 'थोटूक कोठे टाकता?' हा प्रश्न जोडला. हा प्रश्न ऐकून बहुतेक रुग्ण प्रथम हसतात आणि मग विचारात पडतात. फिल्टर प्लॅस्टिकचा असतो हे अनेकांना तेथेच प्रथम कळते, आणि व्यसन सोडण्याविषयीचे बोलणे त्या निमित्ताने अधिक मोकळेपणी सुरू होते, असा माझा अनुभव आहे.

दंड अवश्य असावा. तो माफक असावा, परंतु निश्चित असावा. आपल्या संघटनेच्या शाखांनी आपापल्या नगरपरिषदेकडे तशी मागणी करावी आणि त्याच निवेदनात राखदाण्यांचीही मागणी करावी. परंतु निवेदन देण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा आपल्या पायरीसमोरचे गटार पाहून घ्यावे. आमच्याकडील गटार या वर्षीही उपसले गेले. गाळात थोटके होतीच, पण थोडी होती. "तुमची नाहीत हो यंदा," असे मावशी म्हणाल्या.